जमिनीखालचं पाणी आणि न थांबणारे धक्के: ठाणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहतो आणि बरीच वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरीकडे जमीन हलायला लागली. तेव्हापासून लग्नात, लोकलमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्ये माझी ओळख ‘भूकंपवाले सर’ अशी झाली आहे. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ज्याला जो प्रश्न पडला असेल त्याने तिथून वाचायला हरकत नाही.

एवढे धक्के बसतात, मग ‘मुख्य’ भूकंप त्यातला कुठला?

कुठलाच नाही, आणि हीच या प्रकाराची ओळख. नेहमीच्या भूकंपात आधी एक मोठा दणका बसतो आणि मग त्याच्या मागून छोटे धक्के येतात. दिवस जातील तशी त्यांची संख्या घटत जाते. ही घट कशी होते याचं गणित जपानच्या ओमोरींनी १८९४ मध्येच मांडलं होतं. किल्लारीला १९९३ मध्ये असाच क्रम दिसला.

तलासरीत तसं झालं नाही. आठवडाभर शांतता, मग एका रात्रीत दहा-पंधरा धक्के, पुन्हा शांतता. कधी तीनच्या आसपास, कधी दोन, मधूनच एखादा चारच्या घरात. वरात निघाली आहे पण नवरदेव कोण ते कळत नाही, अशी गत. शास्त्रज्ञ याला ‘स्वार्म’ म्हणतात. आपण ‘धक्क्यांची मालिका’ म्हणू, वर्तमानपत्रांनीही तोच शब्द रूढ केला आहे.

मालिका महिनोन्‌महिने किंवा वर्षानुवर्षं चालली की आम्ही मंडळी पहिला संशय जमिनीखालच्या द्रवावर घेतो. खडकातला ताण एका झटक्यात मोकळा होऊ शकतो. पण तोच खेळ रोज पुन्हा पुन्हा मांडायचा तर खाली सतत काहीतरी सरकत असावं लागतं, आणि पाणी ते काम फार सावकाश आणि चिकाटीने करतं.

पाण्याने खडक कसा हलेल? पाणी काय जॅक आहे?

जवळपास तसंच समजा. हे फळ्यावर शिकवण्यापेक्षा स्वयंपाकघरात लवकर कळतं. ग्रॅनाइटचा ओटा पाण्याने ओला करा. ओट्याला सिंककडे किंचित उतार असतोच. आता काचेचा ग्लास चांगल्या गरम पाण्याने विसळा आणि लगेच ओल्या ओट्यावर उपडा ठेवा. दोन-चार सेकंदांत ग्लास आपण होऊन सिंककडे घसरायला लागतो. आमच्या घरी यावरून ‘भूत आलं’ म्हणून नातवंडांनी गोंधळ घातला होता.

त्यात झालं काय? ओट्याचा उतार तोच आहे आणि ग्लासचं वजनही तेच आहे. पण ग्लासमध्ये कोंडलेली हवा तापून फुगली. ओल्या कडेमुळे तिला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून तिने ग्लासचं थोडं वजन स्वतःवर तोललं. ग्लास ओट्यावर पूर्वीसारखा दाबून बसेना, घर्षण कमी पडलं आणि जो उतार आधीपासून होताच त्यावरून तो घसरला. हबर्ट आणि रूबी या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये हेच बिअरच्या कॅनने दाखवलं होतं. प्रचंड मोठे खडक सपाट उतारावरून मैलोन्‌मैल सरकतात कसे, हे कोडं त्यांना सोडवायचं होतं.

आता ग्लासच्या जागी खडकाचा मोठा ठोकळा धरा आणि ओट्याच्या जागी भ्रंश, म्हणजे दोन ठोकळ्यांमधली जुनी भेग. उताराच्या जागी भूगर्भात लाखो वर्षांत साठलेला ताण आहे. भेगेत अडकलेल्या पाण्याचा दाब वाढला की वरच्या ठोकळ्याचा काही भार पाणी उचलतं, पकड सैल होते आणि ठोकळा तसूभर सरकतो. तो तसूभर म्हणजे आपला धक्का.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. पाणी ‘वंगण’ म्हणून काम करतं असं बरेच जण लिहितात. निसरडेपणाचा इथे संबंध नाही, सगळा कारभार दाबाचा आहे.

त्यासाठी केवढा दाब लागतो?

ऐकून आश्चर्य वाटेल इतका थोडा. एक किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचा भार हवेच्या दाबाच्या अडीचशे पटींहून जास्त असतो. पाच किलोमीटरवर तो त्याच्या पाचपट. त्यापुढे पाण्याचा दाब हवेच्या एका दाबाइतका, कधी त्याच्या दहाव्या हिश्शाइतका वाढला तरी धक्के सुरू झाल्याचं जगात अनेक ठिकाणी दिसलं आहे. हवेचा एक दाब म्हणजे दहा मीटर पाण्याचा स्तंभ. गच्चीवरच्या टाकीतून तीन मजले खाली नळाला जो जोर येतो, तेवढाच.

एवढ्याने भागतं, कारण भ्रंश आधीच टेकीला आलेला असतो. काठोकाठ भरलेल्या पेल्यात शेवटचा थेंब टाकला तर सांडलेल्या सगळ्या पाण्याचा दोष त्या थेंबावर टाकता येत नाही. पाण्याने भूकंप ‘तयार’ झाला असं मी म्हणूनच म्हणत नाही. पाण्याने त्याची वेळ ठरवली, असं म्हणतो.

हे पाणी खाली येतं कुठून?

जागेनुसार उत्तर बदलतं. पावसाचं पाणी फटींतून झिरपत जातं. धरणात साठवलेलं पाणी एकीकडे वरून वजन टाकतं, दुसरीकडे तळातून मुरतं. काही ठिकाणी माणूसच विहिरीतून सांडपाणी खोलवर ढकलतो. आणि काही ठिकाणी पाणी मुळी वरून येतच नाही. खोलातले खडक तापले की त्यांच्या खनिजांत बांधलेलं पाणी सुटतं आणि वर चढू लागतं. जर्मनी-चेक सीमेवरच्या फोग्टलांड भागात १९८५-८६, २००० आणि २००८ साली धक्क्यांच्या मोठ्या मालिका झाल्या. तिथे मुख्य संशयित खोलातून येणारा कार्बन डायऑक्साइड आहे. तिथल्या झऱ्यांतून तो बुडबुड्यांनी बाहेर पडताना दिसतो. म्हणून मी ‘पाणी’ लिहिलं तरी मनात ‘द्रव आणि वायू’ असं वाचत चला.

आपला खडक तर काळा पत्थर. त्यातून पाणी कसं जाईल?

हा प्रश्न विचारणाऱ्याने बहुधा दगडखाण जवळून बघितलेली नसते. नवी मुंबईच्या डोंगरकडेला खाणीत किंवा रस्त्यासाठी कापलेल्या कड्यापाशी उभे राहा. काळा बेसाल्ट अखंड नसतो. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले आहेत. थरांच्या मध्ये लालसर मातकट पट्टे आहेत, उभ्या-आडव्या भेगा आहेत आणि बुडबुड्यांनी पडलेली भोकं आहेत. त्या भोकांत पांढरे, कधी हिरवट, काचेसारखे चमकणारे खडे असतात. खाणकामगार सगळ्यांनाच ‘गार’ म्हणतात, पण त्यात झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्‌झ असे निरनिराळे प्रकार असतात. दख्खनचे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मिरवतात.

हे खडे लाव्ह्याबरोबर आलेले नाहीत. लाव्हा थिजल्यानंतर गरम, खनिजं विरघळलेलं पाणी या भोकांतून फिरलं आणि निवताना त्याने आपला ऐवज मागे ठेवला. तुमच्या शोकेसमधला तो पांढरा तुरा म्हणजे या खडकातून पाणी हिंडल्याची सहीशिक्क्याची पावती आहे.

जिवंत पुरावा हवा असेल तर वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीला जा. तानसेच्या काठची कुंडं बारमाही गरम असतात. जमिनीत दर किलोमीटरला तापमान साधारण पंचवीस-तीस अंशांनी वाढतं. म्हणजे अंगाला चटका बसेल असं पाणी वर यायचं तर ते एक-दोन किलोमीटर खोल जाऊन आलेलं असणार. अशा झऱ्यांची माळ पालघर-ठाण्यापासून पार राजापूरपर्यंत कोकणात पसरली आहे. आपल्या भागात लाव्ह्याचे थर समुद्राकडे वाकलेले आहेत. भूशास्त्रात या वाकाला पनवेलचं नाव आहे. थर वाकले की ते तडकतात, आणि तडकले की पाण्याला रस्ता मिळतो.

पाऊस सप्टेंबरात संपतो. मग धक्के नोव्हेंबरात कसे?

पाण्याचा थेंब खालपर्यंत पोहोचावा लागतो असं नाही, दाब पोहोचला की पुरे. तरीही दाबाला वेळ लागतो आणि त्याचा हिशेब जरा विचित्र आहे. अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो, आणि अंतर दसपट झालं तर शंभरपट. समजा मध्यम तडकलेल्या खडकात एक किलोमीटर जायला दाबाला दिवसभर लागला. मग दहा किलोमीटरवर पोहोचायला तीन महिन्यांहून थोडं जास्त लागेल. जुलै-ऑगस्टच्या धो-धो पावसात तीन महिने मिळवा आणि कॅलेंडर बघा.

अर्थात ‘मध्यम तडकलेला’ या शब्दात सगळी मेख आहे. खडक कमी तडकलेला असेल तर तीन महिन्यांची तीन वर्षं होतात. पण एक खूण मात्र उपयोगी पडते. धक्क्यांची ठिकाणं तारखेवार नकाशावर मांडली आणि ती एका जागेपासून हळूहळू बाहेर पसरताना दिसली, तेही आधी भराभर आणि मग मंद होत, तर खाली दाबाची लाट चालली आहे असं समजायचं. टीपकागदावर शाईचा डाग तसाच पसरतो. सौराष्ट्रात तलाला, जामनगर भागातही पावसाळ्यामागून अशा मालिका झालेल्या आहेत.

वर्षानुवर्षं चालण्याइतकं खाली असतं तरी काय?

कॅलिफोर्नियातल्या काहुइया गावाजवळचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. तिथे २०१६ ते २०१९ या काळात मालिका चालली. बहुतेक धक्के इतके बारीक होते की साध्या पद्धतीने ते मोजलेच गेले नसते. संशोधकांनी संगणकाला धक्के ओळखायला शिकवलं, तेव्हा बावीस हजारांहून जास्त धक्के सापडले. ते नकाशावर मांडल्यावर जमिनीखालच्या भ्रंशाचा आकार जवळपास क्ष-किरणात दिसावा तसा दिसला. सुमारे आठ किलोमीटर खोलीवर एका कोंडलेल्या साठ्याचं झाकण फुटलं होतं आणि तिथून द्रव भ्रंशात शिरून वर आणि बाजूला सरकत होता. वाटेत आडवा घट्ट थर आला की तो थबके, वळसा घाली, फट सापडली की पुन्हा पुढे जाई. मधल्या काळात वरच्या माणसांना वाटे, संपलं एकदाचं.

घट्ट थर येतात कुठून, तर पुन्हा आपल्या त्या पांढऱ्या खड्यांपाशी यावं लागतं. पाणी थांबलं की खनिजं साचून भेग बुजते. बुजली की खाली दाब साठतो, दाब पुरेसा साठला की ती पुन्हा फुटते. कुकरची शिट्टी जशी थांबून थांबून होते, तसं हे चालतं. आच चालू आहे तोवर शिट्ट्या होणार.

आणि एक गोष्ट जपानमधली. मात्सुशिरो गावाखाली ऑगस्ट १९६५ मध्ये धक्के सुरू झाले आणि पुढची दोन वर्षं ते चांगलेच जोरात होते. एकूण सात लाखांहून जास्त नोंदले गेले, त्यातले साठ हजारांहून जास्त माणसांना जाणवले. पुढे जमीन उचलली गेली, भेगा पडल्या आणि त्यांतून खारट पाणी वाहू लागलं. सगळं मिळून सुमारे एक हजार कोटी लिटर. संशयित स्वतःच बाहेर येऊन उभा राहावा, असा प्रकार क्वचितच घडतो. आकडा मोठा वाटला तरी भातसा धरण काठोकाठ भरलं की त्यात याच्या किमान सत्तर पट पाणी असतं.

ठाणे जिल्ह्यात आधी कधी असं झालं होतं का?

हो, आणि ते बहुतेकांच्या विस्मरणात गेलं आहे. वर ज्या भातसाचं नाव घेतलं त्याच शहापूरच्या भातसाजवळ. धरणात पाणी साठू लागल्यानंतर काही वर्षांनी, १९८३ च्या पावसाळ्यात खर्डी परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली. सप्टेंबरमध्ये त्यातला सगळ्यात मोठा, ४.९ चा धक्का बसला. आज मुंबई-ठाण्यातल्या लाखो लोकांचा सकाळचा चहा ज्या पाण्याचा होतो त्या पाण्याने एकदा शहापूरची जमीन हलवली होती, हे मी वर्गात सांगितलं की मुलं चहाचा कप खाली ठेवत.

मग हे कोयनेसारखंच की!

भातसाचं तसंच. कोयनेचा जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि लगोलग लहान धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला, सुमारे १८० माणसं गेली. तिथले धक्के साठ वर्षांनंतरही चालू आहेत. १९८५ मध्ये शेजारी वारणेचा जलाशय भरू लागला, तेव्हा ते तिकडेही पसरले. जलाशयाची पातळी, ती किती झपाट्याने चढते, किती दिवस वर राहते आणि त्यामागून धक्के कसे येतात, हे जगात सर्वांत बारकाईने जिथे पाहिलं गेलं त्या मोजक्या जागांत कोयना आहे. भूकंपशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं यात मोठं काम आहे. कराडच्या भूभौतिकी प्रयोगशाळेने कोयना भागात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल भोक पाडून खालचा खडक थेट वर काढला. सव्वा किलोमीटरच्या आसपास बेसाल्ट संपतो आणि पुढे ग्रॅनाइट लागतो. धक्के होतात ते त्या ग्रॅनाइटमध्ये.

पालघरमध्ये मात्र कोयनेसारखा अवाढव्य जलाशय डोक्यावर नाही. ‘धरणामुळे झालं’ हे तयार उत्तर तिथे चालत नाही.

पालघरचं कारण मग काय धरायचं?

हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तिथे यंत्रं बसवली, धक्के फार उथळ असल्याचं नोंदलं आणि पावसाळ्यात मुरलेल्या पाण्याकडे बोट दाखवलं. मला ते पटतं. धक्क्यांची येऊन-जाऊन चालणारी चाल, त्यांचा उथळपणा आणि शेजारचे गरम झरे ही तिन्ही अंगं एकाच दिशेला नेतात. पण पावसाने एकट्याने हे केलं असं मी म्हणणार नाही. पाऊस तिथे हजारो वर्षं पडतोय आणि धक्के २०१८ ला आले. खालचा भ्रंश टेकीला आला होता, हा अर्धा भाग सोडून फक्त पावसाची गोष्ट सांगणाऱ्यांवर मी वैतागतो.

आणि हो, पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यापासून वेगळा झाला. जमिनीला ते माहीत नाही. खालचा खडक आणि भेगा दोन्हीकडे त्याच आहेत.

‘गूढ आवाज’ येतात म्हणे, ते काय असतं?

त्यात गूढ काही नाही, पण ऐकल्याशिवाय विश्वासही बसत नाही. २०१९ च्या सुरुवातीला मी तलासरीतल्या एका पाड्यावर ओळखीच्या घरी उतरलो होतो. कुडाचं घर, शेणाने सारवलेल्या भिंती, वर कौलं. अंगणात सरकारी तंबू, पण आजी म्हणाल्या, तंबूत उकडतं आणि रात्री थंडीही वाजते. थंडीत दोन्ही तक्रारी खऱ्या होत्या. रात्री जेवून बसलो होतो. आधी आवाज आला. लांब कुणी डंपरमधून खडी ओतावी तसा, पण तो जमिनीखालून आला, कानापेक्षा पोटाला आधी कळला. घरातली माणसं बोलता बोलता थांबली. मग खाट एकदा खालून ढकलल्यासारखी उचलली, मांडणीवरचे पेले किणकिणले आणि कौलांतून थोडी माती माझ्या ताटात पडली. एकूण दोन सेकंद. आजींनी ताट बदलून दिलं आणि म्हणाल्या, “हा बारका होता सर.” त्या वेळेपर्यंत त्या घराचा अंदाज वेधशाळेच्या आकड्याच्या फार लांब नसे.

आवाज येतो तो असा: भूकंपाची पहिली लाट ही दाबाचीच लाट असते. केंद्र फक्त काही किलोमीटर खाली असेल तर ती लाट वाटेत फारशी विरत नाही. जमिनीचा पृष्ठभाग मोठ्या ढोलाच्या कातड्यासारखा कंप पावतो आणि हवेत आवाज होतो. हलवणारी दुसरी लाट मागून येते. त्यामुळे आधी आवाज आणि मग धक्का. उथळ धक्का दोनच्या आकड्याचा असला तरी तो ऐकू येऊ शकतो, आणि खोलवरचा चारचा धक्का आवाज न करता जाऊ शकतो.

छोटे धक्के बसले म्हणजे मोठा टळला ना? वाफ जिरली!

नाही. मला सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं आणि सगळ्यात चुकीचं वाक्य ते हेच. भूकंपाचा आकडा एकाने वाढला की ऊर्जा सुमारे बत्तीसपट होते, दोनाने वाढला की हजारपट. सहाच्या भूकंपाची ऊर्जा चारच्या धक्क्यांतून जिरवायची तर चारचे एक हजार धक्के लागतील. तीनच्या धक्क्यांतून जिरवायची तर तीस हजारांहून जास्त. पालघरमध्ये बसलेले बहुतेक धक्के तीनपेक्षाही लहान आहेत. चमच्याने उपसून विहीर आटत नाही.

म्हणजे मोठा येणारच?

तसंही नाही. जगातल्या बहुतेक मालिका मोठं काही न करता विरून जातात. मात्सुशिरोत सात लाख धक्क्यांत सर्वांत मोठा साडेपाचच्याही आतला होता. पण सगळ्याच मालिका सभ्य निघत नाहीत. जपानच्या नोतो द्वीपकल्पावर २०२० च्या अखेरीस खोलातून चढणाऱ्या द्रवांमुळे मालिका सुरू झाली. मे २०२३ मध्ये तिथे ६.५ चा भूकंप झाला आणि १ जानेवारी २०२४ ला, नववर्षाच्या दिवशी, ७.६ चा. शेकडो माणसं गेली. आपल्या किल्लारीलाही ३० सप्टेंबर १९९३ च्या आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, लहान धक्क्यांची मालिका येऊन गेली होती.

फरक पडतो तो शेजारी ताणलेला लांबलचक भ्रंश आहे की नाही यावर. द्रव त्याच्यापर्यंत पोहोचला की गोष्ट द्रवाच्या हातात राहत नाही.

म्हणून कुणी छातीठोकपणे ‘काही होणार नाही’ म्हणालं तरी ऐकू नका, ‘अमुक तारखेला होणार’ म्हणालं तरी ऐकू नका. इटलीत लाक्विला शहरात २००९ मध्ये कित्येक महिने धक्के चालू होते. तज्ज्ञांची बैठक झाली, लोकांना धीर देणारी भाषा वापरली गेली आणि सहा दिवसांनी, ६ एप्रिलला, ३०९ माणसं मेली. त्या बैठकीतल्या सात जणांना २०१२ मध्ये शिक्षा झाली, त्यातले सहा शास्त्रज्ञ २०१४ मध्ये अपिलात सुटले. तिथे अंदाज चुकल्यापेक्षा जास्त नडला तो फुकाचा दिलासा. कुणाला उत्तर देताना मला ते गाव आठवतं.

खाली ज्वालामुखी जागा होतोय का?

नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आहे, तो केव्हाच निवला. गरम कुंडांची आच जमिनीच्या नेहमीच्या उष्णतेची आहे.

सोसायट्यांच्या बोअरवेल आणि डोंगरातले बोगदे यांचा काही संबंध?

बोअरवेल शंभर-दीडशे मीटरची, धक्के कित्येक किलोमीटर खाली. संबंध नाही. अपवाद सांगायचा तर स्पेनमधल्या लोर्का गावाचा. तिथे ५० वर्षं उपसा करून भूजल सुमारे २५० मीटर खाली नेलं होतं, आणि २०११ मध्ये ५.१ चा उथळ भूकंप झाला तेव्हा संशोधकांनी त्याचा संबंध या उपशाशी लावला. ठाण्यातल्या टँकरवाल्यांनी कितीही उपसलं तरी त्या प्रमाणाच्या जवळपास आपण नाही. बोगद्याचं म्हणाल तर सुरुंग किंवा मशीनची थरथर शेजारच्या चार इमारतींना जाणवते, पाचव्या गावाला नाही. भूकंप असेल तर कल्याणच्या मावशीचाही फोन येतोच.

पाण्याचा दाब कमी करून धक्के बंद करता येतील?

पाणी माणसाने ढकललेलं असेल तर काही प्रमाणात येतात. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या रँजली तेलक्षेत्रात १९६९ ते १९७३ दरम्यान हा प्रयोग प्रत्यक्ष झाला. विहिरींत पाण्याचा दाब वाढवला की धक्के वाढले, उतरवला की थांबले. मात्र त्याच राज्यात डेन्व्हरजवळ लष्कराच्या कारखान्याचं सांडपाणी १९६२ पासून साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत सोडत होते. धक्के सुरू झाले म्हणून फेब्रुवारी १९६६ मध्ये ते बंद केलं, आणि सगळ्यात मोठे धक्के बसले १९६७ मध्ये. वर नळ बंद केला तरी खाली शिरलेला दाब पसरतच राहिला होता. निसर्गाने ढकललेल्या पाण्याला तर नळच नाही.

ठाण्यातल्या इमारतीत राहणाऱ्याने किती काळजी करावी?

तलासरी आपल्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर. तिथला तीनचा धक्का ठाण्यात कळत नाही. चारच्या वरचा असेल तर वरच्या मजल्यावर, झोपलेल्या माणसाला, पंखा किंवा लोंबता दिवा हलताना दिसू शकतो. खरी काळजी पाड्यावरच्या घरांची आहे. विशेषतः मातीत रचलेल्या विटा-दगडांच्या भिंतींची. एकेक धक्का किरकोळ असला तरी तीच भिंत शंभर वेळा हलली की सांधे सुटतात. कुडाचं घर त्या मानाने तग धरतं, ते लवतं.

आपल्याकडे मी दोनच गोष्टी बघायला सांगतो. इमारतीला तीस वर्षं उलटली असतील तर स्ट्रक्चरल ऑडिट. आणि तळमजला पार्किंगसाठी नुसत्या खांबांवर उभा असेल तर त्या खांबांची अवस्था. लाद्या बदलायला लाखो रुपये एका सभेत मंजूर होतात आणि खांबांतली गंजलेली सळई तीन सभांत पुढे ढकलली जाते, हे माझ्याच सोसायटीत बघितलंय. आपटून पडेल असं जड कपाट पलंगाच्या डोक्याशी असेल तर आजच हलवा, त्याला ठराव लागत नाही.

धक्का जाणवला तर कुठे कळवायचं?

राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ‘भूकंप’ ॲपवर. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘जाणवला का?’ विचारण्याआधी घड्याळ बघून मिनिट लिहून ठेवा. आवाज आधी आला की नंतर, झटका होता की झुलल्यासारखं वाटलं, बसला होतात की चालत होतात, तेही लिहा. आणि मजला लिहायला विसरू नका. तळमजल्यावर कळलेला धक्का आणि बाविसाव्या मजल्यावर कळलेला धक्का यांतून दोन वेगळे निष्कर्ष निघतात. मजला नसेल तर ती नोंद मला तरी कशालाच लावता येत नाही.